मारिओ मिरांडाच्या काळ्या-पांढऱ्या डायऱ्या: नजर इतका वेळ का रेंगाळते?

टाकनिब

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा म्हटलं की बहुतेकांना गोव्याच्या दुकानांतले मग, टाइल्स, पिशव्या आठवतात. मुंबईकरांना कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती आठवतात. जुन्या वाचकांना मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका आणि मंत्री बंडलदास ही त्याची पात्रं. हा धागा मात्र त्याच्या अशा कामाबद्दल आहे ज्याच्यावर मराठीत फारसं बोललं जात नाही, आणि माझ्या मते तेच त्याचं सगळ्यात श्रीमंत काम आहे. त्याच्या डायऱ्या आणि प्रवासातली रेखाटनं. नुसती काळी शाई आणि कागद.

थोडी पार्श्वभूमी. मारिओचा जन्म २ मे १९२६चा, दमणमधला. घर सासष्टीतल्या लोटलीचं. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंती रंगवून ठेवायचा, म्हणून आईने त्याला एक कोरी वही आणून दिली आणि तिला तो आपली डायरी म्हणू लागला. पुढे शाळेत पाद्रींची चित्रं काढून ओरडाही खाल्ला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास घेऊन बीए केलं. पण वही सुटली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन सालांच्या डायऱ्या जेरार्ड द कुन्हा या वास्तुरचनाकाराने पुस्तकरूपात आणल्या आहेत. तेव्हा मारिओ तेवीस ते पंचवीस वर्षांचा होता. व्यंगचित्रकार म्हणून नाव व्हायचं होतं, संपादक नव्हता, वाचक नव्हता. दिवस गेला की त्या दिवसाचं चित्र आणि ओळ-दोन ओळी मजकूर.

मी या पुस्तकांकडे पुन्हा पुन्हा जातो आणि दर वेळी एकेका पानावर अडकतो. का अडकतो ते मांडून बघतो.

मारिओचं कुठलंही गर्दीचं काळं-पांढरं चित्र घ्या. बाजार, फेस्त (चर्चचा सण), तावेर्न (दारूचा गुत्ता), लग्न. त्यात करड्या रंगाचा एक थेंब नसतो. शाई एक तर आहे किंवा नाही. तरीही चित्राकडे पाहताना रंग कमी पडल्यासारखं कधीच वाटत नाही, कारण रंगाचं काम त्याने नक्षीकडे सोपवलेलं असतं. एका बाईच्या फ्रॉकवर ठिपके, शेजारणीच्या फ्रॉकवर चौकटी, तिसरीच्या अंगावर बारीक फुलं. पुरुषाच्या पायजम्यावर उभ्या रेघा. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या फरशा. छपरावर कौलांच्या अर्धगोल ओळी. माडाच्या झावळ्यांना एक फटकारा, चिऱ्याच्या भिंतीला दुसरा, लाकडाच्या फळीला तिसरा. प्रत्येक पृष्ठभागाची रेघ वेगळी. त्यामुळे चित्रात पंचवीस माणसं दाटीवाटीने उभी असली तरी एकही दुसऱ्यात मिसळत नाही.

आणि या सगळ्या मधल्या छटांमध्ये तो मोजकं, भरीव काळं ठेवतो. पाद्रीचा झगा. विधवेचे कपडे. छत्री. कावळा. नजर आधी या काळ्यांवर पडते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि जाता जाता वाटेतलं सगळं बघून घेते. टेबलाखाली झोपलेला कुत्रा (मारिओच्या चित्रात कुत्रा बहुधा असतोच), खिडकीतून डोकावणारी म्हातारी, ज्याचं कुठेच लक्ष नाही असा एक पोरगा.

वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्राला ही चैन परवडत नाही. तिथे वाचकाने पाच सेकंदांत हसून पुढच्या बातमीकडे जायचं असतं. डायरीच्या पानाला कुणालाच काही पटवून द्यायचं नव्हतं. त्यामुळे चित्राच्या मधोमध काय आहे आणि कोपऱ्यात काय आहे, दोन्हींवर सारखीच माया झालेली दिसते. छापायला काढलेल्या चित्रांत मला ही गोष्ट इतक्या निखळपणे सापडत नाही.

ज्यांनी या डायऱ्या किंवा जर्मनी, पॅरिस वगैरे प्रवासांतली रेखाटनं पाहिली आहेत त्यांनी लिहा. ज्यांना रंगीत मारिओच जास्त आवडतो त्यांनीही लिहा.

सासष्टीकार

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी मडगावचा, लोटली इथून जवळच.

तुम्ही फरशांचा उल्लेख केलात, त्याबद्दल सांगतो. सासष्टीतल्या जुन्या घरांत शिरलात तर पहिली नजर जमिनीवरच जाते. खोली बदलली की फरशीची नक्षी बदलते. वर कोरीव खुर्च्या, भिंतीवर संतांच्या तसबिरी, देव्हाऱ्यासारखा ओरातोर, खिडक्यांना शिंपल्यांच्या तावदानांच्या जाळ्या. म्हणजे मारिओच्या चित्रात जी नक्षीची दाटी दिसते ती त्याने हौसेने घातलेली नाही. तो ज्या घरात वाढला तिथे कुठलीच जागा कोरी नव्हती. लोटलीचं ते घर ज्यांना बाहेरून बघता आलं नाही त्यांनी श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' बघावा, १९८५चा. त्याचं चित्रीकरण मारिओच्याच घरात झालं आहे.

दुसरी गोष्ट काळाची. या डायऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं, ते १९६१च्या डिसेंबरपर्यंत राहिलं. मुंबईहून गावी येणं म्हणजे सरहद्द ओलांडणं, सामानाची तपासणी. आणि त्याच सुमारास मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला. इकडे मात्र गावागावांत तावेर्न उघड्या. त्या काळच्या गोंयकाराची अर्धी जिंदगी या दोन जगांमध्ये ये-जा करण्यात गेली. मुंबईत धोबीतलावच्या कुडींत (गोवेकरांच्या वसतिगृहांत) गावचे लोक खाटेला खाट लावून राहायचे आणि मे महिन्यात, फेस्ताला घरी यायचे. मारिओची डायरी वाचताना मला ही ये-जा जाणवते. गावाकडे तो गावच्या माणसासारखा बघतो आणि मुंबईहून आलेल्या माणसासारखाही बघतो. नुसता गावात राहणारा पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलवरच्या टोपलीकडे इतकं लक्ष देऊन बघणार नाही, ती त्याला रोजच दिसते.

माझ्या आईला त्या पुस्तकांतले चेहरे ओळखीचे वाटतात. म्हणजे खरोखर कोण ते नव्हे, पण हा आमच्या वाड्यावरचा सांक्रिस्तांव (चर्चचा सेवक) वाटतो, ही कझिनाची आत्या वाटते, असं ती बोट ठेवून सांगते.

रंगपेटी

लेख सुरेख आहे, पण मी रंगाच्या बाजूने उभी राहते.

गोवा हा रंगांचाच प्रांत आहे. पावसाळ्यातली हिरवी शेतं, लाल चिरा, पिवळ्या-निळ्या भिंती, बाजारातली मासळी. तिथल्या बाजाराचं चित्र शाईत बघताना माणसं दिसतात, हावभाव दिसतात, पण हवा दिसत नाही. ऊन किती कडक आहे, दुपार आहे की संध्याकाळ, हे मला रंगीत चित्रातच कळतं. काळ्या-पांढऱ्याला 'अस्सल' आणि रंगीताला 'दुकानातलं' म्हणायची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. दुकानात काय विकलं जातं त्यावर चित्रकाराचा रंगाचा हात ठरवू नये.

शिवाय मुलांना विचारून बघा. माझी भाची रंगीत पानावर थांबते, शाईचं पान उलटते.

ट्रेडलवाला

मंडळी, मी छापखान्यातला माणूस. खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं हाताखालून गेलं आहे. या चर्चेत एक बाजू राहते आहे, ती सांगतो. जरा लांबेल.

त्या पिढीच्या व्यंगचित्रकारांची रेघ अशी का आहे याचं निम्मं उत्तर ब्लॉकमध्ये आहे. खिळ्यांच्या छपाईत चित्र छापायचं तर त्याचा ब्लॉक करावा लागे. चित्राचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, हव्या त्या मापाची निगेटिव्ह करायची. जस्ताच्या पत्र्यावर उजेडाने कडक होणारा थर द्यायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून उजेड मारायचा. जिथे रेघ आहे तिथला थर टिकतो, बाकीचा धुऊन जातो. मग पत्रा ॲसिडात. ॲसिड मोकळा भाग खातं, रेघा उठून राहतात. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा आणि मजकुराबरोबरच मशीनवर चढवायचा. याला लाइन ब्लॉक म्हणत. स्वस्त आणि भरवशाचा.

करडी छटा हवी असेल तर हाफटोन ब्लॉक. जाळीतून फोटो काढून चित्राचे लहान-मोठे ठिपके करायचे. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला ५५-६५ रेघांची जाळी, त्याहून बारीक केली तर शाई पसरून चिखल. खर्च जास्त आणि नाजूक काम वाया जाणार हे ठरलेलं. त्यामुळे आतल्या पानांसाठी चित्र काढणारा प्रत्येक जण शिकायचा की जे सांगायचं ते शुद्ध काळ्यात सांगा. आमच्या दिवाळी अंकांचंही तेच. रंग मुखपृष्ठावर, आत सगळा लाइन ब्लॉक. शि. द. फडणिसांची रंगीत मुखपृष्ठं लोकांना आठवतात, पण वसंत सरवट्यांची आतल्या पानांवरची पेनाची कामं काढून बघा, रेघ किती विचाराने ठेवलेली असते.

आता कळीचा मुद्दा. मूळ चित्र मोठं असतं, छापताना ते कॉलमच्या मापाला लहान होतं. लहान झालं की रेघांमधलं अंतरही कमी होतं. जवळजवळ मारलेल्या रेघांमध्ये शाई भरते आणि तिथे काळा डाग पडतो. म्हणून मुरलेला चित्रकार रेघ मारताना दोन रेघांमधल्या पांढऱ्याकडे बघत असतो. मारिओंच्या कामात हे पांढरं इतकं जपलेलं आहे की एवढी दाटी असून चित्र गुदमरत नाही. हे डायरीतल्या पानांवरही दिसतं, म्हणजे छापखान्याशी रोजचा संबंध येण्याआधीच हाताला ही सवय होती. मला त्याचं फार नवल वाटतं.

रंगपेटीताई, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. पण रंग काढून घेतल्यावर चित्र उभं राहतं की नाही, हे आम्ही ब्लॉकवाले रोज बघायचो. पुष्कळांचं राहत नसे.

मुग्धमधुर

+१ ट्रेडलवाला काका. प्रतिसाद वेगळा धागा करून टाका, पुष्कळांना हे माहीतच नाही.

आमच्या पिढीची मारिओशी पहिली ओळख बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकातून झाली. चित्राखाली नाव वाचायचं वय नव्हतं. पुढे कधीतरी 'अरे, हा तर तोच' असं झालं.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इकडे रॉबर्ट क्रम या कॉमिक्सवाल्याच्या स्केचवह्या पुस्तकरूपात मिळतात आणि त्यांना मानणारा मोठा वर्ग आहे. क्रमही शाईचाच माणूस. हॉटेलात जेवताना ताटाखालच्या कागदी मॅटवर त्याने काढलेली चित्रंसुद्धा छापली गेली आहेत. दोघांची पानं शेजारी ठेवून बघितली तर टाकनिब यांचा मुद्दा अजून पक्का होतो.

क्रमच्या रेघांच्या जाळ्या वस्तूला गोलाई देतात. गाल फुगीर, दंड जाड, बुटाला वजन. रेघा शरीराच्या वळणाबरोबर फिरतात, उजेड एका बाजूने येतो, दुसरी बाजू काळवंडते. बघणाऱ्याला वाटतं हात लावला तर ते अंग हाताला लागेल, आणि बऱ्याचदा ते अंग अस्वस्थ करणारं असतं.

मारिओला उजेड कुठून येतो याची फारशी फिकीर नाही. ठिपक्यांचा फ्रॉक वळला तरी ठिपके सरळच राहतात, कागदावर चिकटवल्यासारखे. त्याची नक्षी वस्तूचा फुगीरपणा सांगत नाही, ती वस्तू कसली आहे ते सांगते. म्हणून चित्र सपाट राहतं आणि त्या सपाटपणामुळेच सगळी माणसं एका पातळीवर येतात. पुढचा मोठा, मागचा महत्त्वाचा नाही असं होत नाही. लोटलीच्या चर्चसमोरचा जमीनदार आणि त्याच्या पायाशी बसलेला भिकारी यांना सारखीच स्पष्ट रेघ मिळते.

दोघांच्या वह्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. पेन्सिलीने आधी सगळं ठरवून मग शाई फिरवली असं वाटत नाही. हात पुढे जातो तसं चित्र सापडत जातं असं वाटतं, आणि बघणाऱ्यालाही त्याच वाटेने जाता येतं. तयार, घोटून पक्क्या केलेल्या चित्रात ही वाट बुजलेली असते.

मारिओ १९७४ साली अमेरिकेत येऊन गेला होता, तिथल्या सरकारी माहिती खात्याच्या निमंत्रणावरून. 'पीनट्स'वाल्या चार्ल्स शुल्झला भेटला, राजकीय व्यंगचित्रकार हरब्लॉकला भेटला.

निशिगंध

एक वेगळा सूर लावते, टाकनिब यांना चालेल अशी आशा आहे.

मिस फोन्सेका आणि तिचा साहेब ही चित्रं मला आज बघवत नाहीत. घट्ट कपड्यांतली सेक्रेटरी आणि तिच्याकडे टक लावून बसलेला साहेब, यावर एक अख्खी पिढी हसली. मी कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई आहे, मला त्या हसण्याची दुसरी बाजू माहीत आहे. त्यामुळे मारिओपासून मी लांबच राहिले होते. डायरी मला लेकीने आणून दिली.

डायरीतल्या बायका वेगळ्या आहेत. तिथे मासे विकणारी आहे, तिचं बसणं, गुडघे, हातातला कोयता, गिऱ्हाइकावरचा तिचा विश्वास नसलेला चेहरा. चर्चमधून येणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, एकमेकींच्या कानाशी लागलेल्या. लग्नात नाचायला कुणी विचारलं नाही म्हणून भिंतीशी बसून राहिलेल्या मुली आहेत. त्यांच्यावर विनोद आहे, पण त्या नुसत्या विनोदासाठी तिथे नाहीत. त्याने त्यांना आधी बघितलं आहे. फोन्सेकाला बघितल्याचं मला जाणवत नाही, ती ठरवून बनवलेली आहे.

मला वाटतं रोजच्या रोज छापायला लागलं की चित्रकाराला ठरलेली पात्रं लागतातच. वाचकाला ओळख पटायला हवी असते. डायरीत ती गरज नव्हती, म्हणून प्रत्येक नाक वेगळं. माझ्यासाठी या वह्यांचं आकर्षण रंग असण्या-नसण्यापेक्षा यात आहे.

टाकनिब

निशिगंधताई, चालेल काय, या धाग्याला याचीच गरज होती. तुमचं पूर्ण पटतं. मी 'कुणाला पटवून द्यायचं नव्हतं' एवढंच म्हणून थांबलो होतो, तुम्ही त्यातून माणसांचं काय होतं ते सांगितलंत.

याला एक जोड देतो. १९५९च्या सुमारास गुलबेन्कियन फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळून मारिओ पोर्तुगालला गेला आणि तिथून पुढे लंडनला, काही वर्षं राहिला. तिथून परत आल्यावरचा मारिओ तयारीचा आहे. रेघ पक्की, रचना बांधीव. टाइम्स ऑफ इंडियात त्याच्याबरोबर एकाच छपराखाली आर. के. लक्ष्मण होते. लक्ष्मणांचं हत्यार ब्रश. दोन फटकाऱ्यांत धोतराचा सोगा, चार फटकाऱ्यांत खड्डे पडलेला रस्ता, आणि बाकी कागद मोकळा. मारिओ नेमका उलट, पेनाने अख्खं पान भरणारा. एकाच पेपरच्या वाचकांना हे दोन टोकांचे हात एकत्र बघायला मिळत होते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तर रोजच्या धबडग्यात पात्रं ठरून गेली, पण प्रवासाला निघाला की डायरीतला मारिओ परत हजर व्हायचा. जर्मनीतली हिवाळ्याची रेखाटनं बघा. पुस्तक १९८०च्या आसपासचं. थंडीने आक्रसलेली माणसं, कोटांच्या कॉलरी वर केलेली, पर्णहीन झाडं, दगडी इमारती. शाईच्या चित्रकाराला बर्फ काढता येत नाही, तो सोडून द्यावा लागतो. भोवतालचं सगळं रेघांनी भरायचं आणि मधला कागद राखायचा. मुंबईचं अख्खं पान भरून टाकणाऱ्या हाताने तिथे जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, त्या बघताना गार वाटतं.

रंगपेटी, तुमच्या 'हवा दिसत नाही'ला माझं उत्तर हेच चित्र आहे.

रंगपेटी

बर्फ मान्य. बर्फ मुळातच काळा-पांढरा असतो!

पण गोव्याच्या दुपारीबद्दल मी जागची हलणार नाही. ट्रेडलवाला काकांचा प्रतिसाद वाचून मला उलट असं वाटलं की ब्लॉकच्या खर्चामुळे ज्यांना रंग वापरायला मिळाला नाही अशा चित्रकारांच्या एका पिढीचं आपण नुकसानच बघतोय, आणि त्यालाच शैली म्हणतोय. मारिओला पुढे रंग मिळाला तेव्हा त्याने तो आनंदाने वापरला. सपाट, ठाम रंग, रेघेला धक्का न लावता. ते त्याला आवडत नसतं तर त्याने केलं नसतं.

निशिगंध, तुमचा प्रतिसाद माझ्या बहिणीला वाचून दाखवला.

रेघोटी

मी पुण्यात इलस्ट्रेशन शिकते. आमच्या सरांनी शाईच्या तासाला हाच अभ्यास दिला होता, आवडत्या चित्रकाराचं एक पान जसंच्या तसं उतरवा. वर्गातल्या बहुतेकांनी किम जुंग गी घेतला. तो कोरियाचा कॉमिक्स चित्रकार, ब्रश पेनाने थेट कागदावर, पेन्सिल न लावता भिंतभर चित्रं काढायचा, २०२२ साली पॅरिसमध्ये अचानक गेला. त्याच्या जाडजूड स्केचवह्या आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. मी मारिओचं तावेर्नचं एक पान घेतलं.

उतरवताना जे कळलं ते नुसतं बघून कळलं नसतं. मी डावीकडून उजवीकडे जात होते. प्रत्येक माणूस त्याच्या मागच्या गोष्टीच्या उलट आहे. पांढऱ्या शर्टचा माणूस बाटल्यांच्या गर्दीसमोर. रेघांच्या शर्टचा माणूस कोऱ्या भिंतीसमोर. काळा कोट घातलेला म्हातारा दारात, आणि दाराबाहेर काहीच नाही, कोरा कागद. जिथे दोन नक्षीदार गोष्टी शेजारी आल्या तिथे एकीच्या रेघा उभ्या, दुसरीच्या आडव्या. हे सगळं आधी ठरवून केलं असेल तर कठीण आहे आणि हातानेच आपोआप होत असेल तर त्याहून कठीण.

डोळ्यांबद्दलही लिहायचंय. बुबुळं म्हणजे नुसते ठिपके, पण ठिपका गोलात कुठे ठेवलाय त्यावर सगळं नाटक. एकाचा ठिपका अगदी कडेला, शेजाऱ्याच्या ग्लासकडे. तो मी केसभर आत घेतला तर माणूस नुसताच विचारात पडलेला दिसायला लागला, ग्लासाशी त्याचं नातंच तुटलं.

काका, तुम्ही चित्र लहान झाल्यावर रेघा भरतात म्हणालात. हे घरी बघता येईल का?

ट्रेडलवाला

बाळा, अगदी सोपं आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. तुझी प्रत आणि पुस्तकातलं मूळ पान, दोन्ही एकाच मशीनवर ५० टक्के करून घे. मग तेच लहान झालेले कागद पुन्हा ५० टक्के कर. जिथे जिथे डाग पडेल तिथे पेनाने गोल कर. त्यानंतर दोन्ही कागद उलटे धरून, डोळे बारीक करून बघ, म्हणजे माणसं दिसणं बंद होऊन नुसतं काळं-पांढरं दिसेल. ब्लॉक करायला द्यायच्या आधी आम्ही असंच बघायचो.

फोनवर लहान करून बघू नकोस, त्यात सगळंच छान दिसतं.

सासष्टीकार

रेघोटी, तू गोव्याला आलीस तर पर्वरीजवळ तोर्ड्याला हाउसेस ऑफ गोवा हे जेरार्ड द कुन्हाचं संग्रहालय आहे, जहाजासारखी इमारत, त्याच्याजवळच मारिओ गॅलरी. तिथे जा. आधी घरांचं संग्रहालय बघ, खिडक्या, फरश्या, बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी) नीट बघून घे आणि मग चित्रांकडे वळ. हा क्रम बदलू नकोस. बाल्कांवातल्या समोरासमोरच्या बाकांवर बसल्याशिवाय मारिओची माणसं तशी तिरकी का बसलेली असतात हे लक्षात येणार नाही. रस्त्यावर कोण जातंय तेही बघायचं असतं आणि समोरच्याशी बोलायचंही असतं.

रेघोटी

काका, करून आणलं. लिहिते.

पहिल्या ५० टक्क्यांत दोन्ही चित्रं तगली. दुसऱ्यांदा लहान केल्यावर माझ्या प्रतीत फरशी, बाटल्यांचं कपाट आणि खुर्चीची वेताची बैठक असे तीन काळे डाग पडले. मारिओच्या पानात फरशी शाबूत. जवळून पाहिलं तर त्याने पुढच्या फरशा पूर्ण भरल्या आहेत आणि मागे जाता जाता प्रत्येक चौकोनात रेघा कमी कमी केल्या आहेत, भिंतीशी तर नुसत्या कडा उरतात. मी सगळ्या सारख्या भरल्या होत्या. बाटल्यांच्या कपाटात त्याने प्रत्येक बाटलीच्या एका बाजूने पांढरी फट सोडली आहे, ती मूळ मापात मला दिसलीच नव्हती.

वेताची बैठक मात्र त्याचीही थोडी भरली.

उलटं धरून बघितलं तेव्हा भरीव काळे फक्त चार निघाले: दारातल्या म्हाताऱ्याचा कोट, कुत्र्याची पाठ, भिंतीवरच्या तसबिरीची चौकट आणि एक टोपी. चारही एकमेकांपासून लांब, आणि मालक उभा आहे तो बरोबर त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पांढऱ्या बनियनमध्ये. सरांना दाखवलं, त्यांनी पुढच्या तासाला सगळ्या वर्गाकडून हेच करून घ्यायचं ठरवलं आहे. त्यात मी आता बाजाराचं पान घेणार आहे, रंगपेटीताई म्हणतात ती दुपार त्यात कुठे आहे ते शोधायला.